पावणेतीन मिलिमीटरचा घोळ

घरात छोटी आगगाडी मांडायची म्हटलं की माणूस आधी इंजिनाच्या मागे लागतो. साहजिक आहे, दुकानाच्या काचेआडून खुणावतं ते इंजिनच. पण या छंदात केस पांढरे झालेल्या कुणालाही गाठा, तो आधी रुळांचं विचारील. इंजिन विकून दुसरं घेता येतं, डबे हळूहळू जमवता येतात, थर्माकोलचा डोंगर मनासारखा झाला नाही तर एका रविवारात पाडता येतो. रूळ मात्र एकदा प्लायवूडवर बसले की बाकीचं सगळं तेच ठरवतात. गाडी किती डब्यांची, वळण किती ऐसपैस, पलंग कुठल्या भिंतीला सरकवायचा आणि घरच्यांशी तह कोणत्या अटींवर करायचा, सगळं.

भारतीय माणसाची पंचाईत तर त्याच्याही आधी सुरू होते. जगात सगळ्यात जास्त चालणारं मॉडेल रेल्वेचं प्रमाण म्हणजे एचओ, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्याचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात. या आकड्याला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर मिळतात. हा युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. जगातला एकही मोठा कारखाना हे रूळ बनवत नाही. तेव्हा पावणेतीन मिलिमीटरचा घोळ आपल्या नशिबी पहिल्या दिवसापासून आहे.

पावणेतीन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. खऱ्या मापात तो फरक २४ सेंटिमीटरचा होतो. त्यात आपले डबे सव्वातीन मीटर रुंद, युरोपातल्या डब्यांपेक्षा अंगाने भरलेले. प्रमाणात बनवलेला आपला डबा विकतच्या एचओ रुळांवर ठेवून समोरून पाहा. दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखा दिसतो. बाजूने पाहिलं तर कळत नाही. म्हणूनच बहुतेक भारतीय छांदिष्ट आपल्या गाडीचे फोटो बाजूने काढतात.

समाधान मानायचं असेल तर इंग्रजांकडे बघावं. त्यांचं आवडतं प्रमाण ओओ, म्हणजे साधारण १:७६. गाडी या प्रमाणात, पण रूळ तेच साडेसोळा मिलिमीटरचे. ब्रिटिश इंजिनं मुळात आकाराने आटोपशीर. एचओमध्ये उतरवली तर त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. मग वरचं धड मोठं केलं आणि खालचे रूळ होते तेच ठेवले. त्या हिशेबाने सगळा इंग्लंड देश आज चार फूट दीड इंचाच्या रुळांवर धावतो आहे. ज्यांना हे सहन होत नाही, ते १८.८३ मिलिमीटरचे रूळ हाताने बनवतात आणि उरलेल्यांकडे जरा तुच्छतेने पाहतात.

आपल्याकडे वाटा चार आहेत. पहिली, डोळेझाक. दुसरी, १९.२६ मिलिमीटरवर रूळ स्वतः डाग देऊन जोडणं. तांब्याचा मुलामा असलेल्या पट्ट्यांचे स्लीपर कापायचे, त्यावर एकेक रूळ सोल्डर करायचा, आणि मग प्रत्येक इंजिनाची, प्रत्येक डब्याची चाकं आसावर सरकवून रुंद करायची. तिसरी वाट गमतीची आहे. रूळ साडेसोळाचेच ठेवायचे, पण प्रमाण १:१०० करायचं. १६७६ ला शंभराने भागलं की १६.७६, इतका फरक डोळ्याला दिसत नाही. वर आर्किटेक्ट लोकांच्या मॉडेलसाठी मिळणारी १:१०० ची माणसं, झाडं, मोटारी आयत्या मिळतात. फक्त या प्रमाणात गाड्या कुणी विकत नाही, त्या सगळ्या स्वतः बनवायच्या. चौथी वाट पुढे येईल. मला विचाराल तर शहाण्याने तीच धरावी.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींच्या वर्षानुवर्षांच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी उघडलं. शाळेच्या सहलीत तिथे जाऊन आलेले पुणेकर आता स्वतःच्या मुलांना घेऊन जातात. वाफेच्या गाड्यांपासून अतिवेगवान गाड्यांपर्यंत सगळं एकाच शहरात धावतं. सिग्नल बदलतात, फाटकं पडतात, खोलीतला उजेड मंदावत जातो आणि शहरभर दिवे लागतात. ते शहर ना पुणं आहे ना जर्मनीतलं एखादं गाव. मला त्यातला हा मोकळेपणा फार शहाणपणाचा वाटतो. कुठल्याही एका खऱ्या ठिकाणाचं शहर नसलं की गेजचा प्रश्नच उपस्थित होत नाही. पण ज्याला ओळखीचं स्टेशन हवं असतं, त्याची यातून सुटका नाही.

असे एक काका मला नारायण पेठेत भेटले. मूळचे बार्शीचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या निजायच्या खोलीत दोन भिंतींना लागून छातीइतक्या उंचीवर एल आकाराचं फळकूट आहे, आणि त्याच्याखाली काकूंचं कपाट. वाटाघाटी कशा झाल्या असतील ते विचारायची गरज पडली नाही. "सुरुवातीला मलाही मुंबईची लोकल हवी होती," काका म्हणाले. "मग टेप घेऊन बसलो. बारा डब्यांची लोकल एचओत जवळजवळ तीन मीटर होते रे. ती उभी करायला प्लॅटफॉर्म तीन मीटरचा. गाडी खोलीत मावते, पण खोलीत फक्त तीच मावते."

हिशेब लांबीपाशी थांबत नाही, खरी मेख वळणात आहे. भारतीय ब्रॉडगेजवर नियमाने चालणारं सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे साधारण १७५ मीटर त्रिज्येचं. १:८७ मध्ये ते दोन मीटरचं होतं. गाडी वळवून परत आणायची तर चार मीटर रुंद खोली हवी, तीही भिंतीला खेटून. म्हणून कारखान्यातून तयार वळणं येतात ती ३७, ४४, ५० सेंटिमीटर त्रिज्येची. चव्वेचाळीसचं वळण खऱ्या मापात ३८ मीटरचं होईल. राजधानी एक्स्प्रेसला असं वळण घ्यायला लावलं तर ती रुळांवर राहणार नाही. आपली छोटी राजधानी मात्र बिचारी मुकाट्याने घेते, फक्त डब्यांचे कोपरे अर्धा अर्धा इंच बाहेर लोंबतात. लांब डब्यांची गाडी आणि छोटी खोली यांचा संसार हा असा असतो.

नॅरोगेजला हे सगळं उलटं लागू होतं. आपल्या नॅरोगेजवर चाळीस अंशांपर्यंतचं वळण नियमात बसतं, म्हणजे त्रिज्या जवळपास ४४ मीटर. ८७ ने भागा. पन्नास सेंटिमीटर. खरं वळण, काटछाट न करता, खोलीच्या कोपऱ्यात बसतं.

ही ती चौथी वाट. बार्शी लाइट रेल्वेचा गेज होता अडीच फुटांचा, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ म्हणजे ८.७६. बाजारात मिळणारे रूळ ९ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा. खऱ्या मापात दोन सेंटिमीटर. विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतलाही याच गेजची. ज्या गाड्यांना आयुष्यभर दुय्यम समजलं गेलं, त्याच गाड्या जगाच्या बाजारात मिळणाऱ्या रुळांवर हुबेहूब उतरतात, आणि डेक्कन क्वीन उतरत नाही. हे मला फार आवडलं.

नेरळ-माथेरान मात्र या हिशेबात बसत नाही. १९०७ मध्ये सुरू झालेली ती गाडी दोन फुटी, ६१० मिलिमीटरची; १:८७ मध्ये ७ मिलिमीटर. तिला झेड नावाच्या अतिचिमुकल्या प्रमाणाचे साडेसहाचे रूळ जवळचे पडतात. शिवाय चढ वीसास एक. तेवढ्या चढावर हातभर लांबीची गाडीसुद्धा चाकं फिरवत जागच्या जागी राहते. हौसेला मोल नाही हे खरं. पण हौशीने पहिलाच प्रयोग माथेरानचा करू नये.

बार्शी लाइटचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. पंढरपूर १९०६ ला, लातूर १९११ ला आणि मिरज १९२७ ला जोडलं गेलं. कॅलथ्रॉपचा आग्रह होता की गाडीतल्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, मग तो इंजिनाचा असो की मालडब्याचा. भार वाटला गेला की रूळ हलके चालतात, आणि रूळ हलके म्हणजे खर्च कमी. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार होती. हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून हे सगळं लोकांना चालवून दाखवलं होतं. पुढे याच कॅलथ्रॉपने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची चिमुकली रेल्वे बार्शीच्या अनुभवावर बांधली. ती १९३४ लाच बंद पडली, पण तिथल्या छांदिष्टांनी मॉडेलमध्ये आजवर जिवंत ठेवली आहे. काकांच्या कपाटात तिच्या इंजिनाचा एक कापलेला सांगाडा आहे. बार्शीच्या इंजिनाला कुठलं तरी जवळचं नातेवाईक शोधत ते तिथपर्यंत पोचले.

प्रवासी डबे सुमारे चाळीस फुटांचे, म्हणजे मॉडेलमध्ये १४ सेंटिमीटर. इंजिन आणि चार डबे मिळून पाऊण मीटरच्या आत गाडी आटोपते. अडीच मीटरच्या भिंतीवर स्टेशन, मालधक्का आणि थोडं रान मावतं. एवढ्याशा जागेत आणखी काय हवं?

आता खुद्द रुळांकडे. नऊ मिलिमीटरचे रूळ दोन जातींचे मिळतात आणि नवखा माणूस हटकून स्वस्त जात घेऊन येतो. एन नावाच्या लहान प्रमाणाचे रूळसुद्धा नऊ मिलिमीटरचेच असतात. पण एनमध्ये ते मोठ्या गाडीचे रूळ असल्याने स्लीपर बारीक आणि दाटीवाटीने बसवलेले. त्यावर बार्शीचं इंजिन ठेवलं की लहान मुलाच्या सायकलवर मोठा माणूस बसल्यासारखं दिसतं. नॅरोगेजसाठी वेगळे रूळ येतात. स्लीपर जाड, लांब, एकमेकांपासून दूर, काही प्रकारांत मुद्दाम वेडेवाकडे. डेव्हन परगण्यातल्या बीअर गावची पेको कंपनी ते बनवते. गजभर लांबीचे, हवे तसे वाकणारे तुकडे.

रुळाची उंची ही आणखी एक भानगड. ती 'कोड'मध्ये सांगतात. कोड १०० म्हणजे इंचाचे शंभर हजारांश, २.५४ मिलिमीटर. ८७ ने गुणा, २२१ मिलिमीटर. आपल्या मुख्य मार्गांवरचा साठ किलोचा वजनदार रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. तेव्हा स्वस्तातला कोड १०० हा जगात कुठेच नसलेला अजस्र रूळ झाला. कोड ७५ जवळ जातो. नॅरोगेजचे पेकोचे रूळ कोड ८० चे असतात. म्हणजे कॅलथ्रॉपने पै-पै वाचवून टाकलेल्या हलक्या रुळांच्या जागी आपण आजच्या मुख्य मार्गापेक्षाही उंच रूळ टाकतो. गेज जमला, तर उंची बिघडली. कोड ४० चा रूळ बराच खरा वाटतो, पण कारखान्यातल्या चाकांच्या कडा खोल असल्याने त्या रूळ धरून ठेवणाऱ्या खिळ्यांवर आपटत जातात. काकांनी कोड ८० च ठेवला आणि रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवल्या. चकाकी फक्त माथ्यावर उरली की रूळ निम्मा दिसतो. ही युक्ती जुनी आहे आणि फुकट आहे.

धातूच्या बाबतीत मात्र काटकसर नको. लोखंडी रूळ आपल्या पावसाळ्यात एका हंगामात तांबूस होतात. पितळ काळवंडून वीज अडवतं. जर्मन सिल्व्हरचे घ्यावेत. त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, पण ते स्वच्छ राहतं.

पाया बारा मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायचा, खाली पॅकिंगच्या देवदाराच्या पट्ट्यांची चौकट. प्लायला खालून-वरून आणि विशेषतः कडांना रंग मारून घ्यायचा, नाहीतर जुलैत पोट काढतो. उन्हाळ्यात रूळ लांबतात असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण घरातल्या मॉडेलला धातूपेक्षा लाकूड जास्त छळतं. ते ओलाव्याने फुगतं, थंडीत आकसतं आणि रूळ उचकटतात. म्हणून सांध्यांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची. प्लायवर तीन मिलिमीटरचा बूच, त्यावर रूळ.

काका वळणावर रूळ टाकत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. वाकणाऱ्या तुकड्यातली एक पट्टी स्लीपरांना घट्ट असते, दुसरी सैल सरकते. तुकडा वाकवला की आतल्या बाजूची पट्टी टोकाशी बाहेर येते, कारण आतला रस्ता आखूड. ती कापून जोड दिला, तर नेमका जोडापाशी वळणाला कोन पडतो. तारुण्यपीटिकेसारखा, जिथे नको तिथेच. काकांनी दोन तुकडे टेबलावर सरळ असतानाच डाग देऊन एक केले आणि मग सलग वाकवले. चिमट्यात धरलेल्या जोडाला सोल्डरिंगचं टोक लावलं, धूर निघाला, शिसं चांदीसारखं चमकून आत शोषलं गेलं. स्लीपर वितळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे. गार झाल्यावर कानसेने आतली कड घासली आणि अंगठ्याचं नख जोडावरून फिरवलं. "नख अडलं तर चाक अडणार," ते म्हणाले. नख अडलं. पुन्हा कानस.

मग फेव्हिकॉलवर तुकडा बसवून ते रुळाच्या टोकाशी गाल टेकवून एक डोळा मिटून बघत राहिले. वरून सुरेख दिसणारं वळण या कोनातून पाहिलं की त्याचे सगळे दोष उघडे पडतात. खिळे ते वापरत नाहीत. खिळा जोरात बसला तर स्लीपर मध्ये दबतो, दोन्ही रूळ आत झुकतात आणि गेज आवळला जातो. शेवटी एकच मालडबा बोटाने ढकलायचा, सावकाश, आणि कान द्यायचा. जिथे टक् असा आवाज येईल तिथे पेन्सिलची खूण.

सर्वांत जास्त गाड्या घसरतात आणि बंद पडतात त्या सांध्यावर, म्हणजे पॉइंटवर. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो व्ही आकाराचा तुकडा स्वस्त पॉइंटमध्ये प्लास्टिकचा असतो. मोठं इंजिन त्यावरून निघून जातं, कारण त्याची बाकीची चाकं वीज घेत असतात. बार्शीचं बुटकं इंजिन सावकाश आलं की तिथेच मरतं आणि बोटाने ढकलावं लागतं. म्हणून छोट्या इंजिनांसाठी धातूचा, वीजवाहक व्ही असलेला पॉइंटच घ्यावा. त्यासाठी पॉइंट बदलताना त्या तुकड्याची वीज बदलणारा स्विच जोडावा लागतो, जोडावा. आणि रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची तार. नुसत्या जोडपट्ट्यांवर भिस्त ठेवणारे दोन पावसाळ्यांनी सगळं उचकटतात.

फळकुटाखाली वाकून बघितलं तर वरच्या खेड्यापेक्षा खालचा पसारा मोठा. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली मॉडेल रेल्वेचा क्लब निघाला. वर गावं-डोंगर रंगवणारी मंडळी आणि खाली तारांच्या जाळ्यात रमणारी मंडळी असे त्यात दोन तट होते, आणि खालच्या तटातली पोरं पुढे विद्यापीठाच्या संगणकांपर्यंत जाऊन पोचली. हॅकर हा शब्द आजच्या अर्थाच्या दिशेने निघाला तो बऱ्याच अंशी त्या टेबलाखालून. काकांच्या टेबलाखाली मात्र एक साधा ट्रान्सफॉर्मर आणि लाल-काळ्या तारा आहेत. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र हुकूम देणारी डिजिटल पद्धत त्यांनी घेतली नाही. एक इंजिन, एक गाडी, एक चालक असताना ती घेणं म्हणजे पैसे उधळणं, असं माझंही मत झालं आहे.

खडी हा नारायण पेठेतला पाहुण्यांना दाखवायचा विषय. क्रशरवरची कच पिशवीभर आणायची आणि चहाच्या गाळणीतून चाळायची. खऱ्या पाच सेंटिमीटरच्या खडीचा दाणा १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर येतो. ती रुळांमध्ये पसरायची, मऊ कुंचल्याने सारखी करायची, भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारायचं आणि मग पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. साबण नसेल तर फेव्हिकॉलचे गोळे खडीवर तरंगत राहतात. काळ्या बसाल्टची कच घ्यावी. परदेशी पाकिटातली करडी-गुलाबी खडी सोलापूर जिल्ह्यात शोभत नाही.

गाडी गोल गोल फिरवण्यात काकांना रस नाही. त्यांच्या फळकुटावर गोल नाहीच. त्यांना शंटिंग करायचं असतं. ॲलन राइट नावाच्या ब्रिटिश छांदिष्टाने तीन रुळांचं एक कोडं करून ठेवलं आहे: एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. आठ वाघिणी पसरून ठेवायच्या आणि चिठ्ठ्या काढून त्यातल्या पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या. क्रम होतात ६७२०. काकांनी हेच कोडं बार्शीच्या मालधक्क्यावर बसवलं आहे. कापसाच्या गाठी, शेंगा, रॉकेलची टाकी. जेवणापूर्वी एक डाव. काकू चिठ्ठ्या काढतात आणि त्यांचा आरोप आहे की काका मनासारखी चिठ्ठी निघाली नाही तर परत काढायला लावतात.

सध्या प्रश्न माणसांचा आहे. आषाढीची गाडी करायची तर वारकरी हवेत, आणि १:८७ चे वारकरी कुठेच विकत मिळत नाहीत. जर्मनीची प्राइझर कंपनी या प्रमाणाची चिमुकली माणसं बनवते. पोस्टमन, नवरानवरी, रेल्वे कामगार, सगळे युरोपी. काकांनी त्यांची न रंगवलेली पाकिटं मागवली आहेत. हॅट कानसेने उतरवायची, पुट्टीचा ठिपका ठेवून मुंडासं करायचं, पॅन्टच्या जागी टिश्यू पेपरचं धोतर. समुद्रकिनाऱ्यावर अंघोळ करणाऱ्यांचं पाकीट सगळ्यात कामाचं निघालं, कारण कपडे उतरवायचे श्रम वाचतात आणि ती सरळ चंद्रभागेत उभी करता येतात. पोहण्याच्या पोशाखातल्या बायकांना मात्र लुगडी नेसवावी लागणार. ते काम काकूंनी हाती घेतलं आहे, चष्मा, चिमटा आणि एका जुन्या रेशमी रुमालासह, आणि नऊवारी पावणेदोन सेंटिमीटर उंचीच्या बाईला नेसवताना कासोटा कसा घालायचा यावर अजून त्यांचं एकमत झालेलं नाही.